डेबियन १२ आणि १३ : सांकेतिक नावांना कामाला लावणारी प्रणाली

इंदूरच्या रामबाग भागातील आमच्या मंडळाच्या छोट्या वाचनालयात दोन संगणक आहेत. एकावर पुस्तकांची नोंद, वर्गणीच्या पावत्या आणि गणेशोत्सवाच्या पत्रिका अशी सगळी कामे होतात. दुसऱ्याचा प्रोसेसर ३२ बिटांचा आहे आणि तो वाचकांना पुस्तकांची यादी पाहता यावी एवढ्यासाठीच ठेवला आहे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची सोय पहिल्या यंत्रात नाही आणि नवे यंत्र घेण्याइतकी शिल्लक मंडळाकडे नाही. त्यामुळे डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत संगणकप्रणाली निवडली आणि पहिल्यावर डेबियन १३, दुसऱ्यावर डेबियन १२ बसवले. या प्रणालीचा वेग, तिचे रूप आणि तिच्यातील मराठी टंकलेखन यांविषयी बरेच लिहून झाले आहे. मला तिच्या ज्या अंगाविषयी लिहायचे आहे ते सहसा गमतीखाली मोडते : आवृत्त्यांची सांकेतिक नावे. इतर बहुतेक प्रणालींमध्ये ही नावे एक तर कंपनीच्या दाराआड राहतात, नाही तर जाहिरातीत झळकतात. डेबियनमध्ये मात्र ती संगणक सांभाळणाऱ्याला स्वतःच्या हाताने लिहावी लागतात आणि माझ्या मते हाच या प्रणालीचा एक मोठा गुण आहे.

डेबियन १२ चे नाव ‘बुकवर्म’ आणि १३ चे ‘ट्रिक्सी’. नवे सॉफ्टवेअर कुठून आणायचे हे ज्या फाइलीत लिहिलेले असते, त्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये सर्व्हरच्या पत्त्यानंतर लगेच हे नाव येते. सुरक्षा दुरुस्त्यांच्या ओळीत तेच ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ असे होते. त्या जागी ‘स्टेबल’, म्हणजे त्या वेळची स्थिर आवृत्ती, असेही लिहिता येते आणि पुष्कळ जण तसे लिहितात, परंतु त्या दोन शब्दांत फरक मोठा आहे. ‘बुकवर्म’ लिहिले की यंत्र बुकवर्मवरच राहते. त्याला दुरुस्त्या मिळत राहतात, पण पुढच्या आवृत्तीत ते आपणहून शिरत नाही. ‘स्टेबल’ लिहिणाऱ्याचे यंत्र मात्र नवी आवृत्ती जाहीर झाल्याच्या दिवसापासून तिच्याकडे पाहू लागते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सी जाहीर झाली तेव्हा ‘स्टेबल’ या शब्दाचा अर्थ एका दिवसात बदलला. सांकेतिक नाव बदलल्याचे सांगून एपीटी हा सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्रॅम संमती मागतो हे खरे. पण मधल्या सुट्टीत घाईने ‘हो’ म्हणून मोकळे होणारे कमी नसतात, आणि मग शेकडो पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, उतरू लागली की मागे फिरणे कठीण होते. ज्याला वाचनालय उघडे असताना असले प्रकार नको आहेत, त्याने नावच लिहावे.

ही पद्धत हौसेतून आलेली नाही, ठेच लागून आलेली आहे. डेबियन १.० नावाची अधिकृत आवृत्ती कधी निघालीच नाही, कारण १९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने विकास चालू असलेल्या अर्धवट फाइली उचलून त्यांवर ‘डेबियन १.०’ अशी मोहोर उठवली आणि विकल्या. लोकांच्या पदरी न चालणारी प्रणाली पडली. मग १.० हा आकडा सोडून देऊन १९९६ मध्ये पुढची अधिकृत आवृत्ती १.१ म्हणून काढण्यात आली आणि तिला ‘बझ’ असे नाव होते. काम चालू असलेल्या फोल्डरवर आकडा असला की तो पाहणाऱ्याला माल तयार आहे असे वाटते. नाव असले की तसे वाटत नाही. शिवाय दुसरा, अगदी व्यवहारातला फायदा असा, की आवृत्ती तयार झाली म्हणून फोल्डर हलवावे लागत नाही. फोल्डरचे नाव पहिल्या दिवसापासून तेच राहते आणि फक्त ‘स्टेबल’ ही खूण त्याच्याकडे वळवली जाते. तसे नसते तर डेबियनच्या साठ्याची नक्कल ठेवणाऱ्या जगभरच्या प्रतिरूप सर्व्हरना तोच सगळा साठा पुन्हा उतरवून घ्यावा लागला असता.

नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील पात्रांची आहेत, कारण त्या काळी प्रकल्पाचे नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स हे ते चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. यातली ‘सिड’ची योजना मला विशेष आवडते. चित्रपटात सिड हा खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा आहे आणि डेबियनमध्ये ज्या शाखेत रोज नवे बदल येऊन पडतात आणि जी कधीच आवृत्ती म्हणून जाहीर होत नाही, त्या अस्थिर शाखेचे ते कायमचे नाव आहे. बाकीची नावे येतात आणि जातात. सिड जागचा हलत नाही.

ट्रिक्सी आल्यानंतर जुन्या यंत्रावर अपडेट करताना एक सूचना झळकली : बुकवर्मच्या साठ्याचे ‘सूट’ (इंग्रजी Suite, म्हणजे शाखेचा दर्जा) हे मूल्य ‘स्टेबल’वरून ‘ओल्डस्टेबल’ झाले आहे. ग्रंथपालताईंनी काळजीने विचारले, “दादा, हे बिघडलंय का? जुनं झालं म्हणतंय.” बिघडलेले काहीच नव्हते. बुकवर्म जिथे होती तिथेच होती, तिचा दर्जा तेवढा बदलला होता. तरी अशी सूचना सामान्य माणसाला घाबरवते, आणि ती एका साध्या वाक्यात समजावून सांगण्याचे कष्ट डेबियनने घेतलेले नाहीत ही माझी तक्रार आहे. त्या यंत्राला बुकवर्मवरच ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. ट्रिक्सीमध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) देणे बंद झाले आहे, म्हणून असे यंत्र बाळगणाऱ्याने त्या फाइलीतले नाव बदलण्याच्या फंदात पडू नये. बुकवर्मचा दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत जाहीर झालेला आहे.

मायक्रोसॉफ्टकडेही नावांची वाण नाही. विंडोज ९५ म्हणजे ‘शिकागो’, ९८ म्हणजे ‘मेम्फिस’, एक्सपी म्हणजे ‘व्हिसलर’. व्हिसलर आणि त्यापुढच्या एका आवृत्तीसाठी योजलेले ‘ब्लॅककोम’ हे कॅनडातील डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी असलेल्या एका मद्यगृहावरून मधल्या आवृत्तीचे नाव ‘लाँगहॉर्न’ पडले. सांकेतिक नाव वेळेआधी लोकांच्या तोंडी बसले की काय होते याचा तो उत्तम नमुना आहे. लाँगहॉर्नमध्ये काय काय असेल याची चर्चा वर्षानुवर्षे रंगली, २००४ मध्ये काम जवळजवळ नव्याने सुरू करावे लागले आणि अखेरीस जानेवारी २००७ मध्ये ‘व्हिस्टा’ म्हणून जे घराघरांत पोहोचले त्यात आश्वासने पुष्कळ गळाली होती. त्याआधीची ‘कैरो’ तर उत्पादन म्हणून आलीच नाही. अलीकडे तिथे मूलद्रव्यांची नावे चालतात आणि विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती ‘जर्मेनियम’वर उभी आहे, पण यातले एकही नाव वापरणाऱ्याच्या कामाचे नाही, ते कुठे टाइप करावे लागत नाही आणि त्यावरून काही ठरत नाही.

ॲपलने उलट टोक गाठले. २००२ मधील ‘जॅग्वार’पासून आतले नाव थेट खोक्यावर आले आणि पुढे ते जाहिरातीचेच नाव होऊन बसले, तेव्हा आत वापरायला वेगळी नावे शोधावी लागली. अँड्रॉइडने मिठायांची नावे २०१९ मध्ये जाहीर वापरातून काढली, आतल्या कामात मात्र ती चालू आहेत. अँड्रॉइड १६ म्हणजे ‘बकलावा’.

आता डेबियनचा खरा दोष. नावावरून क्रम कळत नाही. १०, ११ आणि १२ या लागोपाठच्या तीन आवृत्त्यांची नावे ‘बस्टर’, ‘बुल्सआय’ आणि ‘बुकवर्म’ अशी एकाच अक्षराने सुरू होणारी आहेत आणि यातली आधी कोणती, हे पाठ केल्याशिवाय सांगता येत नाही. हा दोष वरवरचा नाही, कारण डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून वर जाता येत नाही. बुल्सआयवरून ट्रिक्सीवर जायचे तर वाटेत बुकवर्मवर थांबावेच लागते. दुसऱ्या कोणीतरी बसवून दिलेले यंत्र पुढ्यात आले आणि फाइलीत नुसते ‘बुल्सआय’ दिसले, तर किती पायऱ्या चढायच्या आहेत हे त्या नावातून कळत नाही. डेबियनवरच बेतलेल्या उबंटू या प्रणालीने इथे अधिक शहाणपणा दाखवला आहे. तिथे प्राण्यांची नावे वर्णक्रमाने येतात, त्यामुळे ‘जॅमी’नंतर ‘नोबल’ हे न विचारता समजते, आणि २२.०४ व २४.०४ या आकड्यांत वर्ष व महिना दोन्ही असतात.

यावर उपाय एवढाच, की ओएस-रिलीज ही फाइल उघडून पाहावी. तिच्यात आकडा आणि नाव शेजारी शेजारी दिलेले असतात. वाचनालयातल्या दोन्ही पडद्यांच्या कडेला मी तशी चिठ्ठी चिकटवली आहे : एकावर ‘१३ ट्रिक्सी’, दुसऱ्यावर ‘१२ बुकवर्म, बदलू नये’. पुढच्या दोन आवृत्त्यांची नावे आधीच ठरलेली आहेत, १४ साठी ‘फोर्की’ आणि १५ साठी ‘ड्यूक’. या वेळी इंग्रजी आद्याक्षरे निदान वेगवेगळी आहेत, पण ट्रिक्सीपासून मोजले तर वर्णक्रम उलटाच लागतो, तेव्हा चिठ्ठ्या काढण्याचा माझा विचार नाही.