लेडीज युरिन पॉट आणि कमोड खुर्ची: आक्कासाठी साडेतीन महिने वापरून

दोन वस्तूंबद्दल लिहितेय. एक, बायकांसाठीचं लघवीचं भांडं, दुकानात त्याला लेडीज युरिन पॉट म्हणतात, १६० रुपये. दुसरी, घडीची कमोड खुर्ची, म्हणजे बसायच्या जागी भोक आणि खाली डबा असलेली, २८०० रुपये. दोन्ही कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून घेतल्या. घरात बाईमाणूस अंथरुणाला असेल आणि लघवीची नळी घातलेली असेल, तर हे जरूर वाचा. आम्हाला हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर माझ्या आईचा, आक्काचा, बराच त्रास वाचला असता.

आक्का ७८ वर्षांची. परड्यात घसरून पडली, खुबा मोडला, ऑपरेशन करून खुब्याच्या सांध्यातला गोळा बदलला. ऑपरेशनच्या वेळी नळी घातली, ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. त्याच दिवशी नळी निघायला हवी होती, पण कुणी काढली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरी सोडताना वॉर्डात सांगितलं, ‘असू दे, तुम्हालाच सोपं पडेल.’ आणि खरंच सोपं पडलं, आम्हाला. रात्री उठायला नको, चादरी धुवायला नकोत. मी शिवणकाम करते, लग्नसराईची कामं अंगावर होती. नळी राहिली १९ दिवस.

आक्काला काय होत होतं ते तिनं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाला १० मिलि पाण्याचा फुगा असतो, तो मूत्राशयाच्या तोंडाशीच बसतो. त्यामुळं सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं. मी म्हणायची, ‘आक्का, नळी हाय, सोड तशीच.’ ती म्हणायची, ‘नळीत कसं सोडू ग? अंगावर गेल्यागत वाटतंय. मी जातो की ग चालत मोरीत.’

ॲम्ब्युलन्समधून आणताना स्ट्रेचरवाल्यानं नळीला जोडलेली लघवीची पिशवी तिच्या पोटावर ठेवली होती. आमच्या गल्लीत एक निवृत्त सिस्टर राहतात, त्यांनी दारातूनच हाक मारली, ‘आधी ती पिशवी खाली घ्या!’ पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की साठलेली घाण लघवी उलटी आत जाते. ती कायम खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. मग मी परकराची नाडी घेऊन ती कॉटच्या पट्टीला बांधली. नळी मांडीला चिकटपट्टीनं बसवायची, म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही, हेही त्यांनीच दाखवलं.

सतराव्या दिवशी आक्काला थंडी वाजून ताप आला. आणि तिनं मला विचारलं, ‘म्हशीला वैरण घातलीस का?’ म्हैस विकून वीस वर्षं झाली. मला वाटलं, वयानं डोकं फिरलं. लघवीचा संसर्ग होता तो. म्हातारपणी संसर्ग झाला की असा भ्रम होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘नळी अजून कशासाठी ठेवलीय?’ आमच्यापैकी कुणाकडं उत्तर नव्हतं. त्यांनी समजावलं, बाईची लघवीची वाट जेमतेम ४ सेंटिमीटर लांब, नळी आत असेल तर लघवीत जंतू शिरायची शक्यता रोज ३ ते ७ टक्क्यांनी चढत जाते. आधी औषध सुरू केलं आणि दोन दिवसांनी सकाळी नळी काढली. सिरिंजनं फुग्यातलं पाणी ओढून घेतलं, नळी आपोआप सैल झाली, काम एका मिनिटाचं. फुगा रिकामा न करता कुणी ती ओढू नये. पाच तासांनी आक्काला स्वतःहून लघवी झाली. मग सोनोग्राफी करून आत किती उरते ते बघितलं, ४० मिलि. डॉक्टर म्हणाले, एवढं चालतं. आम्ही गाडीत बसून रडलो.

घरी आल्यावर प्रश्न, आता कसं? पहिल्या आठवड्यात तिला दर तासा-दीड तासाला लागायचं, जळजळायचं, दारापर्यंत जाईतो गळायचं. डायपर आणले. रात्रीसाठी आणि दवाखान्यात जाताना ठीक, पण दिवसभर नकोत. तीन-चार तासांनी बदलला नाही तर जांघेत लाल चट्टे उठतात, खर्चही फार, आणि माणूस आपण होऊन सांगायचंच सोडून देतो. हे शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटलं. बेडपॅन दोनदा वापरला आणि ठेवून दिला. खुब्याच्या ऑपरेशननंतर कंबर उचलताना आक्का ओरडायची.

मग भांडं. पहिल्या दुकानात मला पुरुषांचं, अरुंद तोंडाचं भांडं हातात दिलं आणि सांगितलं, ‘सगळ्यांना हेच चालतंय.’ अजिबात चालत नाही. बायकांच्या भांड्याचं तोंड रुंद असतं आणि खालची कड पळीसारखी पुढं आलेली असते. ती कड मागच्या बाजूला कातडीला नीट टेकली पाहिजे, नाहीतर सगळं चादरीवर. डोक्याखाली दोन उशा, पाय थोडे फाकवलेले, भांडं अर्ध्याच्या वर भरू द्यायचं नाही. आडवं असल्यामुळं मागं सांडतं. दोन दिवसांत आम्हाला जमलं. आठवड्याभरात आक्का स्वतः भांडं लावायला लागली, मी फक्त झाकण घालून न्यायची.

एक दोष आहे. साच्यातून निघताना प्लॅस्टिकला कडेला जी शिवण राहते, ती धारदार होती. मी कापडाच्या शिवणीवर अंगठा फिरवते तसा फिरवला म्हणून कळलं, नाहीतर आक्काची कातडी पापडासारखी, सोलून निघाली असती. बारीक पॉलिश पेपरनं घासून मऊ केली. घेताना बोट फिरवूनच घ्या. दुसरं, तिसऱ्या महिन्यात आतून पिवळं पडून वास धरला. नवं घेतलं, तेवढं करावंच लागतं. फायदा असा की भांड्यावर मिलिच्या खुणा आहेत. सुरुवातीला एका वेळी ८०-१०० व्हायची, महिन्यानं २५० वर गेली. भीतीनं तिनं पाणी कमी केलं होतं, तेही रंगावरून पकडलं. पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि उलट जास्त आग होते. दर अडीच तासांनी मीच विचारायची, लागो न लागो.

गाउनचं सांगते. दवाखान्यातला मागून उघडा गाउन आक्कानं पहिल्याच दिवशी फेकला, जन्मभर नऊवारी नेसलेली बाई. मी मागं दोन पल्ले एकावर एक येतील असा शिवला, बसताना बाजूला होतात, उठलं की आपोआप झाकतात. कुणालाही शिवता येईल, अर्धा मीटर कापड जास्त लागतं.

कमोड खुर्चीला मी पाचपैकी साडेचार देईन. दुकानदार स्वतः खुर्चीत बसून दाखवत होते, आक्काची उंची विचारली, खुर्चीच्या पायांची भोकं त्याप्रमाणं लावून दिली. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत, गोळा बदललेल्या माणसाला खोल बसणं चालत नाही. चाकांची ४५०० ची होती, पण ब्रेक हलके वाटले, म्हणून रबरी बुटांची साधी घेतली. तीच बरी. खुर्ची कॉटला चिकटून ठेवली. रात्री अकराला आणि चारला आक्का वॉकर धरून, उभी राहून, वळून बसते. पहिल्यांदा बसली तेव्हा मला म्हणाली, ‘तू जा बाहेर.’ तीन आठवड्यांनी ती आम्हाला बाहेर पाठवू शकली. अर्धा गुण कापला तो खालच्या डब्यासाठी, त्याचं झाकण घट्ट बसत नाही.

पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर प्युअरविक नावाची एक अमेरिकन वस्तू दाखवली. मऊ वात दोन मांड्यांमध्ये, बाहेरूनच लावायची आणि हलक्या ओढीनं लघवी डब्यात जाते, आत काही घालायचंच नाही. कोल्हापुरात चार दुकानांत विचारलं, मिळाली नाही.

नळी वाईटच असं मात्र कुणी वाचू नये. ज्यांना लघवी तुंबते त्यांना ती लागतेच. माझ्या धाकट्या मावशीचं मूत्राशय मधुमेहानं रिकामंच होत नाही. तिला कायमची नळी न ठेवता, दिवसातून चार वेळा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवलंय. १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिडीस नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. हात साबणानं धुतलेले आणि नळी स्वच्छ असली तरी पुरतं, ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. पहिला आठवडा ती आरसा घेऊन बसायची आणि रडायची. आता आरसा लागत नाही. तिला मी मेणकापडाचं अस्तर लावून तीन कप्प्यांची पिशवी शिवून दिलीय, एकात नळ्या, एकात साबण आणि रुमाल, एकात वापरलेलं. चैत्रात ती पिशवी घेऊन जोतिबाच्या यात्रेला जाऊन आली.