गोळी, लोशन की लावणी?

आमच्या घरी दर चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली सगळ्यांचा एक फोटो निघतो. पंधरा-सोळा वर्षांचे ते फोटो ओळीने लावून पाहिले, तर माटोळी आहे तिथेच आहे. माझे कपाळ तेवढे मागे मागे गेले आहे. यंदा माझा सव्वीस वर्षांचा भाचा शेजारी उभा होता. फोटो पाहून त्याने मला बाजूला घेतले. "मामा, खरे सांग. गोळी घेऊ, लोशन लावू, की एकदाच केस लावून घेऊन मोकळा होऊ?"

मी डॉक्टर नव्हे. पण लोशन नऊ वर्षे लावले आहे, गोळी सहा वर्षे घेतो आहे आणि धाकट्या भावाने केस लावून घेतले तेव्हा सोबतीला मीच गेलो होतो. त्याला जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

निवडण्याआधी आपले टक्कल कोणते ते ओळखावे लागते. कपाळाचे दोन कोपरे मागे जाणे, टाळूवर विरळ होणे आणि कानांच्या वरचे, मानेवरचे केस शाबूत राहणे, ही पुरुषी टकलाची ठेवण. ते वर्षानुवर्षे हळूहळू येते. डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येऊ लागले, तर ती वेगळी गळती. बहुतेक वेळा आपोआप भरून येते. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचे औषध निराळे. दिवसाला ५० ते १०० केस तर सगळ्यांचेच जातात. म्हणून आधी एकदा त्वचारोगतज्ज्ञाला डोके दाखवावे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभाग आहे. रांगेत सकाळ जाते, पण तिथे तुम्हाला पॅकेज विकायला कोणी बसलेले नसते.

आपल्याकडे दोष द्यायला पाणी असते. नळाचे पाणी बदलले, बोअरवेलच्या पाण्यात लोह आहे, नाहीतर मग हेल्मेट. खराब पाण्याने केस राठ होतात, तुटतातही. पण मुळापासून बारीक होत जात नाहीत. बारीक करणारा मामला आतला आहे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचे आणखी जोरकस संप्रेरक बनते. ज्यांच्या केसांची मुळे जन्मतःच त्याला हळवी असतात, त्यांच्या केसाची एरवी दोन ते सहा वर्षांची वाढ दर फेरीला आखूड होत जाते. जाड केसाच्या जागी लव येते आणि शेवटी तीही दिसेनाशी होते. मागच्या केसांना डीएचटीचे काही वाटत नाही, म्हणून ते राहतात. 'आजोळचे टक्कल' ही म्हण अर्धी खरी आहे: संबंधित जनुकांपैकी एक ठळक जनुक आईकडून येते, पण बाकीची दोन्ही घरांतून येतात.

आता गोळी आणि लोशन. लोक दोन्हींना 'केसांचे औषध' म्हणून एकाच टोपलीत टाकतात. माडाच्या भाषेत सांगायचे तर लोशन हे खत आहे आणि गोळी म्हणजे मुळाची कीड थांबवणे.

लोशन म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा कोणाला तरी तेच औषध डोक्याला लावावेसे वाटले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला टकलासाठी परवानगी मिळाली. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचे घ्यावे, २ टक्क्यांच्या तुलनेत त्याने बरेच जास्त केस येतात. सकाळी १ मिलि, रात्री १ मिलि. ६० मिलिची बाटली बरोबर महिनाभर. डीएचटीला हे औषध हातच लावत नाही. वाढीचा काळ लांबवते, बारीक झालेला केस थोडा जाड करते, एवढेच. कीड आपले काम करतच राहते.

लोशनबद्दल दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. पहिल्या दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात. जुने केस नव्यांना जागा देतात म्हणून हे होते, पण बरेच लोक घाबरून इथेच सोडतात. मीही एकदा सोडले होते. चार महिन्यांच्या आत निकाल बघूच नये. दुसरी गोष्ट, बंद केले की तीन-चार महिन्यांत मिळवलेले सगळे जाते. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या बाटल्या तिसऱ्या महिन्यात संपल्या आणि करार होता सात महिन्यांचा. घरी आला तो होता तसाच. तारवट्यांनी पूर्ण कराराचा साठा घेऊन चढावे, नाहीतर सुरूच करू नये.

आणि आपल्या हवेचा प्रश्न आहेच. जून ते सप्टेंबर डोके कोरडे असते कधी? कोरड्या टाळूवर लावून पुढे काही तास धुवायचे नाही, हे पावसाळ्यात नुसते पाळणेही काम होते. साध्या द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलने मला खाज सुटली, कोंड्यासारखे पापुद्रे निघाले. फेसाचे मिळते त्यात बहुधा ते नसते, ते घेतले तेव्हा खाज थांबली. छातीत धडधडू लागले किंवा पाय सुजले तर मात्र लोशन ठेवून डॉक्टरांकडे जावे. घरात मांजर असेल तर आणखी सांभाळावे लागते. हे औषध मांजरांना विषारी आहे, उशीला लागलेले थोडेसे चाटले तरी जिवावर बेतू शकते.

गोळी म्हणजे फिनास्टेराइड, रोज १ मिलिग्रॅम. तिच्यामागची गोष्ट मला फार आवडते. १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांबद्दल शोधनिबंध आला. त्यांच्यातल्या काही मुलग्यांत टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी करणारे विकरच जन्मतः कमी होते. मोठेपणी त्यांचे प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) लहानच राहिले आणि टक्कल पडले नाही. मग ते विकर औषधाने अडवले तर? ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आली, १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये केसांसाठी. रक्तातले डीएचटी ती साधारण दोन तृतीयांशाने खाली आणते. दोन वर्षांच्या मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांच्या टाळूवरचे केस टिकले किंवा वाढले. औषध नसलेली साधी साखरेची गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २८ टक्के होते.

मग सगळे गोळीच का घेत नाहीत? भीतीने, आणि ती अगदीच निराधार नाही. मूळ चाचण्यांत इच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे अशा तक्रारी गोळीवाल्यांत ३.८ टक्के आणि साखरेच्या गोळीवाल्यांत २.१ टक्के होत्या. बहुतेकांच्या गोळी थांबवल्यावर गेल्या. काहीजण मात्र गोळी सोडल्यानंतरही त्रास राहिल्याचे सांगतात. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हाही या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे नोंदवले. ज्याला आधीपासून नैराश्य आहे त्याने ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितल्याशिवाय गोळी घेऊच नये. मला सहा वर्षांत काही झाले नाही, पण माझ्या एकट्याच्या अनुभवावर कोणी जाऊ नये. गोळी चालू असताना रक्तदान करायचे नाही, थांबवून महिना गेल्यावर करावे. पुढे कधी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करावी लागली तर आठवणीने सांगावे, कारण गोळीमुळे तो आकडा निम्म्यावर येतो. फुटलेल्या गोळीला गर्भवती बाईने हात लावू नये. आणि ही गोळी फार्मसीतल्या ओळखीच्या पोराकडून मागून घ्यायची नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची.

खर्चात दोन्हींचे महिन्याचे काही शेच होतात. फरक आहे तो कटकटीचा. गोळी एका घोटाची. लोशन दिवसातून दोनदा, आरशासमोर. उतरणीला लागलेले थांबवायचे असेल तर माझे मत गोळीच्या बाजूने. गेलेले थोडे परत हवे असेल तर दोन्ही मिळून. गोळी चालणार नाही किंवा नको असेल तर एकटे लोशन, पण ते बांध आहे, भिंत नव्हे, हे समजून.

केस लावणे हा मुळात तिसरा पर्यायच नाही. तो आधीच्या दोघांनंतरचा प्रकार आहे. शेतातल्या लावणीसारखेच. डोक्याच्या मागचा तरवा, म्हणजे रोपे, काढून पुढे लावतात. पट्टी कापून काढली की मागे रेघेसारखा व्रण राहतो. एकेक मूळ टोचून काढले की ठिपके राहतात, बारीक केसांत ते कमी दिसतात. पण कसेही काढा, तरवा तेवढाच. मागून काढलेले तिथे पुन्हा उगवत नाही. लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून फुटतात आणि खरे रूप वर्षाने दिसते.

भावाचे तिशीच्या आत झाले. एका मोठ्या शहरात, लाखाच्या वर पैसे मोजून. डॉक्टर सकाळी आले, पेनाने कपाळावर रेघ काढली आणि गेले. दिवसभर काम केले ते मदतनीसांनी. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांचेच आहे असे सांगणारी मार्गदर्शक सूचना काढली. तेव्हा टोचणार कोण, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. समोरची रेघ भावाची छान आली, खोटे कशाला बोलू. मग त्याने गोळी सोडली. लावलेले केस राहिले, त्यांच्या मागचे मूळचे गेले आणि आता पुढे केसांचे चोडण बेट, भोवती मोकळी मांडवी नदी. पुन्हा लावायचे तर मागे तरवा उरलेला नाही. पंचविशीत ज्याचे टक्कल अजून कुठवर जाणार हे ठरलेले नाही, त्याने लावणीची घाई का करू नये, ते त्याच्या डोक्यावर लिहिले आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्वतःचेच रक्त यंत्रात फिरवून टाळूत टोचण्याचा पीआरपी: काहींना थोडा फायदा होतो, पण पद्धत जिथे तिथे वेगळी आणि दर वेळचे पैसे. बायोटिनच्या गोळ्या कमतरता नसेल तर फुकट, वर थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकवतात. खोबरेल केसाच्या दांड्याला खरेच चांगले, मुळाला नाही. आईचे मन राखायला लावावे. हेअर पॅच मला नको. जत्रेच्या नाटकात दर वर्षी टोप घालून राजा होतो, दोन अंकांत मान भिजते. तसले डोक्यावर घेऊन मे महिन्यात पणजीत बसने फिरायचे?

आणि भादरून टाकणे. याला हसू नका. माझ्या साडूने एका रविवारी सगळे काढले, दहा दिवस ऑफिसात चेष्टा झाली, अकराव्या दिवशी विषय संपला. न गोळी, न बाटली, न दुष्परिणाम. ज्याला केसांचे फारसे वाटत नाही त्याने आधी हेच करून बघावे, काही महिन्यांत केस परत येऊन निर्णय फिरवता येतो. केस लावण्यात ही सोय नाही.

भाचा गोमेकॉत जाऊन आला. त्याने गोळी सुरू केली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच खिडकीपाशी टाळूचा फोटो काढतो. लोशनला नाही म्हणाला, कारण मांजरी त्याच्याच उशीवर झोपते. केस लावायला साठवलेले पैसे त्याने स्कूटरला घातले.