गंगापूर रोडचं पिकलबॉल कोर्ट : एक नंबर घ्या, दोन नंबरला थांबा

बरेच महिने झाले, आठवड्यातून चार सकाळी मी इथे पिकलबॉल खेळते, म्हणजे पॅडलने (छोट्या फळीने) प्लॅस्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा खेळ. त्याआधी बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. खो-खोचं मैदान आखण्यात निम्मं आयुष्य गेलं म्हणा ना. दोरी ताणायची, खुंटी ठोकायची आणि वाकून फक्की ओढत जायचं. फक्की फिसकटली की मुलांची भांडणं ठरलेली, मध्यपाटीला पाय लागला की नाही यावरून अर्धा तास जायचा. तेव्हापासून कुठल्याही मैदानावर गेले की माझी नजर आधी रेषांवर जाते. हे परीक्षणही मुख्यतः रेषांचंच आहे. बाकीचं आधी उरकून घेते.

सकाळी तासाला 400 रुपये, संध्याकाळी सहानंतर 700. चौघांत वाटले तर परवडतात. पॅडल 50 रुपये भाड्याने मिळतं, चेंडूचे वेगळे पैसे नाहीत. पार्किंग भरपूर, पिण्याचं पाणी गार, बायकांची बाथरूम स्वच्छ आणि तिला आतून कडी आहे. बुकिंग व्हॉट्सॲपवर होतं आणि उत्तर पटकन येतं.

कोर्ट दोन आहेत. एक नंबरचं उघड्यावर, निळ्या ॲक्रिलिकचं. मी पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन मोजलं. 44 बाय 20 फूट बरोबर, नेट खांबापाशी 36 इंच आणि मध्ये 34, किचन (नेटलगतचा पट्टा, त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही) दोन्ही बाजूंना 7 फूट. रेषा पांढऱ्या, 2 इंचांच्या, सगळीकडे सारख्या. कडेवरून नख फिरवलं तर कड सरळ लागते, रंग कुठे पसरलेला नाही. ज्याने हे काम केलं त्याने चिकटपट्टी लावून, वाळायला वेळ देऊन केलंय. कडेवर रंग फिसकटलेला असला की "लागला" आणि "नाही लागला" यातला फरक पुसला जातो, आणि मग दोन चांगली माणसं एकमेकांवर आवाज चढवतात. एक नंबर कोर्टावर मी तसं एकदाही पाहिलेलं नाही.

दोन नंबरचं कोर्ट पत्र्याखाली आहे, पूर्वीचं बॅडमिंटनचं. मुळात यात काही गैर नाही. हा खेळच 1965 साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर जन्माला आला, आणि बॅडमिंटनच्या दुहेरीचं कोर्ट अन् आपलं कोर्ट मापाला अगदी एक आहे. बाहेरची चौकट जुळते, आतलं जुळत नाही. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर, आपली किचनची रेषा सातवर. म्हणजे अर्ध्या फुटाच्या अंतराने दोन रेषा. मागे बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या, अडीच फूट आत बॅडमिंटनची आणखी एक रेषा आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट आत एकेरीची. इथे या जुन्या पिवळ्या रेषा तशाच ठेवून वरून पांढऱ्या मारल्यात. पिवळा रंग जुना असला तरी ट्यूबलाइटखाली तोच आधी डोळ्यांत भरतो.

त्याचा परिणाम काय होतो ते मी स्वतः सोसलंय.

जानेवारीत इथे रविवारी स्पर्धा ठेवली होती, सोळा जोड्या. पंच नाहीत, ज्याने त्याने आपापल्या बाजूच्या रेषा बघायच्या. पिकलबॉलमध्ये तसंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उपांत्य सामना दोन नंबरवर होता. नऊ-नऊ झालेले. मी मागून खोल फटका मारला, चेंडू बेसलाइनच्या फूटभर आत पडला. समोरचा मुलगा हात वर करून म्हणाला, "आऊट!" मी विचारलं, "नक्की ना रे?" तो जरा अडखळला. तेवढ्यात बाहेर उभे असलेले इथले व्यवस्थापक म्हणाले, "हो हो, आऊटच होता, मी पाहिलं." पॉइंट गेला आणि पाठोपाठ तो सामनाही गेला, 11-9.

अर्ध्या तासाने तो मुलगा चहाच्या टपरीवर मला शोधत आला. म्हणाला, "बाई, माझं चुकलं. मी पिवळी रेषा बघितली." (इथे माझा एक जुना विद्यार्थी खेळतो, त्याच्यामुळे सगळेच मला बाई म्हणतात.) मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या मुलाबद्दल मनात काही नाही. सामन्यात, घामाघूम असताना, समोर दोन रंगांच्या रेषा असल्या तर कुणाचीही नजर फसेल. व्यवस्थापनाबद्दल मात्र आहे. रेषेचा निर्णय खेळाडूंचा असतो, प्रेक्षकांना विचारायचंच नसतं, असा नियम आहे. स्पर्धा भरवणाऱ्यानेच बाहेरून कौल द्यावा हे अजिबात बरोबर नाही. मुलगा अडखळला होता. शंका आली की चेंडू इन, एवढं त्याला कुणी सांगितलं असतं तर तो तिथेच मागे आला असता.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या मंडळींना एक नंबर कोर्टावर खाली बसवलं. चेंडू बेसलाइनच्या बाहेरच्या कडेला ठेवला, रेषेला अगदी न टेकेल असा. पर्समधून एस.टी.चं स्मार्ट कार्ड काढलं आणि रेषेच्या बाजूने चेंडूखाली सरकवलं. कार्ड रेषेवरून सरकत चेंडूच्या पार मध्यापर्यंत गेलं. चेंडू साधारण 74 मिलिमीटरचा, जमिनीला टेकतो तो फक्त मधल्या टोकावर. वरून बघितलं तर रेषेचा निम्म्याहून जास्त भाग चेंडूखाली झाकलेला आणि तरी चेंडू रेषेला लागलेला नाही. टेनिसचा चेंडू आपटला की चांगला चेपतो, हा प्लॅस्टिकचा कडक, फारच थोडा दबतो. मग सगळ्यांना उठवून नेटपाशी पाठवलं आणि विचारलं, आता काय दिसतं? चौघांनी चार उत्तरं दिली.

त्या सकाळनंतर आमच्यात जे ठरलं ते मूळ नियमांतलंच आहे, पण हाताने करून बघितल्यामुळे पटलं. रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये जमीन स्पष्ट दिसली तरच आऊट म्हणायचं. दिसली नाही, किंवा मी पळत होते म्हणून नीट बघता आलं नाही, तर इन, फायदा समोरच्याचा. "मी बघितलं नाही, परत खेळू" हे चालत नाही. दोघा जोडीदारांत एक आऊट म्हणतो आणि दुसरा इन, तर ती शंकाच झाली, म्हणून इन. आऊट म्हणायचं ते लगेच, मोठ्याने; समोरच्याचा फटका बघून मग नाही. चेंडू हवेत असताना जोडीदाराला "सोड, आऊट!" ओरडणं हा नुसता सल्ला, टप्पा पडल्यावर निर्णय वेगळा द्यावा लागतो. यावर नवीन माणसं हमखास अडतात.

एक रेषा वेगळी वागते. सगळ्या रेषांवर पडलेला चेंडू इन, पण सर्व्ह किचनच्या रेषेवर पडली तर फॉल्ट. आता दोन नंबर कोर्टावर याचं काय होत असेल बघा. सर्व्ह पिवळ्या आणि पांढऱ्या रेषेच्या मधल्या अर्ध्या फुटात पडली की मारणारा म्हणतो गेली पलीकडे, घेणारा म्हणतो तोकडी पडली, आणि दोघंही अगदी मनापासून म्हणतात. आम्ही यावर एवढं केलंय की सर्व्ह घेणाऱ्याचा जोडीदार किचनपाशीच उभा असतो, त्याने रेषेवर नजर ठेवायची आणि तोच सांगणार. रेषेच्या सरळ रेषेत उभ्या माणसाला जे दिसतं ते समोरून बघणाऱ्याला दिसत नाही.

व्यवस्थापनाला मी हे सगळं जानेवारीतच सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे नमूद करते. कोर्ट सांभाळणाऱ्या मुलाने माझ्याकडून नियम लिहून घेऊन मोठ्या अक्षरांत खांबावर चिकटवले, तेही मनापासून. पावसाळ्याआधी पिवळ्या रेषा कोर्टाच्या हिरव्या रंगाने झाकू असं सांगण्यात आलं होतं. पावसाळा येऊन गेला, रेषा आहेत तिथेच आहेत. डबाभर रंग आणि एका दिवसाची मजुरी, एवढंच काम आहे. मजुरीची अडचण असेल तर चिकटपट्टी आणि ब्रश घेऊन मी स्वतः येते, माझे जुने विद्यार्थीही घेऊन येते. हे मी तोंडीही सांगितलंय.

दुसरं, एक नंबरचा उजवीकडचा दिवा. संध्याकाळी बेसलाइनवर चेंडूची लांब सावली पडते आणि सावली अन् चेंडू मिळून रेषेपाशी काळी फट असल्यासारखं दिसतं. पुष्कळ इन चेंडू त्या फटीने आऊट ठरलेले मी पाहिलेत. दिवा थोडा आत वळवला तरी काम होईल.

पाचपैकी एक नंबर कोर्टाला साडेचार, दोन नंबरला दोन. नवीन येणाऱ्यांनी सकाळी सहा ते आठ एक नंबरच मागून घ्यावं. त्या वेळी दिव्यांची गरज नसते आणि आमची मंडळी असतात. पावसात दोन नंबरवरच खेळावं लागलं तर आधी चौघांनी मिळून पांढऱ्या रेषेवरून एक चक्कर चालत मारा. आम्ही मारतो. दोन मिनिटं लागतात.