अभ्यासिकेच्या जुन्या संगणकांवर डीएनएफचे पॅकेज गट: बरेच महिने वापरल्यावर

डीएनएफ म्हणजे फेडोरा या लिनक्स प्रणालीत प्रोग्राम टाकायचं-काढायचं साधन. पॅकेज म्हणजे त्यातून येणारा एकेक प्रोग्राम किंवा त्याचा भाग, न् पॅकेज गट म्हणजे एकाच आज्ञेत येणारा पॅकेजचा संच. आधी निकाल सांगतो: नवी मशीन उभी करायला फेडोरातले पॅकेज गट एक नंबर. गट काढताना मात्र जरा दमानं.

वापर कुठला, तेही सांगायला हवं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत देणगीतून आलेले 4 जीबी रॅमचे डेस्कटॉप आहेत. दिवसभर पोलीस भरती न् तलाठीवाली मंडळी, संध्याकाळी पॉलिटेक्निकची पोट्टी सी शिकायला. इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट, त्यातही लाइन गेली की सगळंच बंद. म्हणून होकाराचं ‘वाय’ दाबण्याआधी डाउनलोडचा आकडा वाचायची सवय इथे सगळ्यांनाच लागली आहे.

गटाचं खरं रूप ‘डीएनएफ ग्रुप इन्फो’ ही आज्ञा दिल्यावर दिसतं. पॅकेज तीन-चार भागांत येतात: मँडेटरी (सक्तीची), डिफॉल्ट (आपसूक येणारी), ऑप्शनल (ऐच्छिक) आणि कधी कंडिशनल (अटीवर येणारी). नुसता गट टाकला तर ऑप्शनल येत नाहीत. ‘विथ ऑप्शनल’ हा पर्याय जोडावा लागतो. काही गटांत जवळपास सगळा माल ऑप्शनलच असतो, मग ‘गट टाकला पण काहीच आलं नाही’ अशी ओरड होते. नावावरही जाऊ नका. फेडोरात ‘डेव्हलपमेंट टूल्स’ टाकून सी-प्लस-प्लसचा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) शोधत बसाल. तो ‘सी-डेव्हलपमेंट’ या वेगळ्या गटात आहे. चुका शोधणारं जीडीबी, प्रोग्राम बांधणारं मेक हेही तिथेच. सी शिकवायचं असेल तर सरळ तोच गट घ्या.

डेटा वाचवायला दोन गोष्टी कामी आल्या. वीक डिपेंडन्सी, म्हणजे ‘असलं तर बरं’ प्रकारची पॅकेज, फेडोरात आपोआप येतात. डीएनएफच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल वीक डेप्स’ फॉल्स (बंद) केलं की पुष्कळ वजन उतरतं, पण एखाद्या प्रोग्रामची एखादी सोयही जाते, हे धरून चाला. दुसरी म्हणजे ‘कीपकॅश’. ते सेटिंग चालू ठेवलं की उतरवलेल्या आरपीएम (म्हणजे पॅकेजच्या) फायली कॅशमध्ये, म्हणजे मशीनवरच्या साठ्यात, राहतात. एका मशीनवर गट टाकायचा, फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि बाकीच्या मशीनवर त्याच टाकायच्या.

इथेच एक गंमत आहे, न् ती कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. डीएनएफ प्रत्येक पॅकेजसोबत ते का आलं हे नोंदवून ठेवतो: वापरणाऱ्यानं मागितलं, गटामुळे आलं, की दुसऱ्या पॅकेजच्या गरजेपोटी आलं. फायलींवरून टाकलेली पॅकेज ‘वापरणाऱ्यानं मागितलेली’ ठरतात. त्या मशीनवर नंतर गट टाकला तर डाउनलोड न होता फक्त गटाची नोंद होते. पण गट काढला की नोंदच जाते, पॅकेज जागेवरच. उलट ज्या मशीनवर गट थेट नेटवरून टाकला, तिथे ‘ग्रुप रिमूव्ह’नं गटासोबत आलेली पॅकेज उचलून नेली जातात. दुसऱ्या एखाद्या टाकलेल्या गटात असलेली तेवढी वाचतात. आज्ञा एकच, पण शेजारशेजारच्या दोन मशीनवर निकाल वेगळा. दुसऱ्या दिवशी पोरगं विचारतं, ‘भाऊ, इथं मेक कुठी गेलं?’ हवी ती पॅकेज आधी ‘डीएनएफ मार्क युजर’ देऊन राखून ठेवा. तरी गडबड झालीच, तर केलेलं काम उलटवणारं ‘हिस्टरी अनडू’ आहे. फक्त कॅशमध्ये नसलेल्या फायली पुन्हा उतरवाव्या लागतील.

मराठीसाठी गट शोधू नका. फेडोरा 24 पासून भाषांचं काम मेटापॅकेजवर (दुसरी पॅकेज ओढून आणणाऱ्या पॅकेजवर) आहे; ‘लँगपॅक्स-एमआर’ टाकलं की झालं.

फेडोरा 41 पासून, म्हणजे ऑक्टोबर 2024 नंतर, डीएनएफची पाचवी आवृत्ती आली. त्यात ‘ग्रुप लिस्ट’मध्ये आता एक्सएफसीई वगैरे पूर्ण डेस्कटॉप (पडद्यावरचा सगळा मांडणीसंच) दिसत नाहीत, त्यांच्यासाठी ‘एन्व्हायर्नमेंट लिस्ट’ द्यावं लागतं. जुन्या लेखांत अवतरणात गटाचं पूर्ण नाव असतं. त्याऐवजी यादीतला आयडी टाइप करा.