गुलमर्गच्या सहलीतला 'पाच लाखांचा विमा'

दिवाळी संपली की सांगली-मिरजेत काश्मीरच्या हिवाळी सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच जाहिरातींत एक ओळ हमखास असते: 'स्कीइंग प्रशिक्षण व ५ लाखांचा अपघात विमा समाविष्ट.' मला त्या ओळीबद्दलच बोलायचं आहे. गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला ह्यांचा गुडघा गेला आणि तो विमा म्हणजे नुसतं रंगीत चित्र निघालं. सहल नेणाऱ्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पद्धत मात्र सगळी लिहिते.

पॅकेजच्या वर माणशी १,२०० रुपये 'इन्शुरन्स अँड सेफ्टी' म्हणून वेगळे घेतले होते. मी पतसंस्थेत नोकरी करते. पावतीची मागणी केली, ती मिळाली. पॉलिसी मागितली तर उत्तर आलं, "वैनी, आपली मास्टर पॉलिसी हाय, सगळ्या ग्रुपची एकच." निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकाच्या नावाचं कार्ड आलं. त्यावर एका मोठ्या विमा कंपनीचं बोधचिन्ह, पाच लाखांचा आकडा, कसलासा लांबलचक नंबर आणि '२४ तास राष्ट्रीय हेल्पलाइन'. दिसायला अगदी चोख.

ह्यांचं पडणं ऐकून लोकांना वाटतं, गंडोलातून, म्हणजे तिथल्या केबल कारमधून, पार वर अफरवाटच्या शिखराकडे जाऊन काहीतरी धाडस केलं असेल. तसलं काही नाही. नवशिक्यांना शिकवतात त्या खालच्या, अंगणापेक्षा जरा कललेल्या उतारावर हे पडले. दुपारी बर्फ ओलसर होऊन जड झालं होतं. एक स्की त्यात रुतली, अंग वळलं, पाय तिथंच राहिला. 'टक्' असा आवाज त्यांना स्वतःला आला आणि अर्ध्या-पाऊण तासात गुडघा नारळाएवढा सुजला. बूट भाड्यानं देणाऱ्यानं फक्त पायाचं माप विचारलं होतं. खरं तर बूट स्कीला धरून ठेवणारं जे बाइंडिंग असतं ते किती ताणाला सुटावं हे वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून लावायचं असतं. आणि ते वेळेवर सुटलं तरी वाचतं ते मुख्यतः नडगीचं हाड. गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, वाचेलच असं नाही. हे सगळं मला नंतर कळलं. भाड्यानं स्की घेणार असाल तर दुकानदारासमोर उभं राहून तेवढं करून घ्या.

स्लेजवर घालून ह्यांना खाली आणलं. मी कार्डावरची राष्ट्रीय हेल्पलाइन लावली. पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण, वैनी का? बोला की."

राष्ट्रीय हेल्पलाइन सांगलीतच वाजत होती. फोन उचलणाऱ्या सहलवाल्याला ओशाळल्यासारखं अजिबात वाटलं नाही. म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, कॅशलेस हाय सगळं. फक्त आत्ता तुम्ही भरा, बिलं जपून ठिवा, पंधरा दिवसांत खात्यावर." कॅशलेस आणि आत्ता तुम्ही भरा, एका दमात.

गुलमर्ग ते श्रीनगर अंतर पन्नासेक किलोमीटर. त्यासाठी 'स्पेशल अ‍ॅम्ब्युलन्स' म्हणून १४,००० रुपये आमच्याकडून टूर मॅनेजरनं रोख घेतले. आली ती मागची सीट पाडलेली सुमो. ड्रायव्हर भला माणूस होता, वाटेत त्यानंच सांगितलं की त्याला पाच हजार मिळाले. १०८ची रुग्णवाहिका तिकडंही आहे आणि तिला पैसे पडत नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. पण विम्यातून परत मिळणार म्हटलं की माणूस भाव करत नाही, आणि सगळी कमाई त्याच भरवशावर चाललेली असते. विमानतळावर 'व्हीलचेअर चार्ज' म्हणून आणखी ३,००० घेतले. चालता न येणाऱ्या प्रवाशाला विमान कंपनी व्हीलचेअर फुकट देते. तिकिटाच्या नोंदीत आधी कळवावं लागतं, एवढंच.

श्रीनगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. त्यांनी लांब ब्रेस बांधला, विमान कंपनीला दाखवायला प्रवासास हरकत नसल्याची चिठ्ठी दिली, प्रवासात घोटा सतत हलवत राहायला सांगितलं, कारण पाय एकाच जागी राहिला की रक्ताची गाठ व्हायची भीती असते. आणि एक वाक्य बोलले ज्यानं आमचे बरेच पैसे वाचले: "लिगामेंट असेल तर घाई नाही. सूज उतरू दे, गुडघा वाकू दे, मग घरी जाऊन करा." कारण बाहेर टूर मॅनेजर एका ओळखीच्या खासगी दवाखान्याचं कार्ड घेऊन उभाच होता. उद्याच ऑपरेशन, दोन लाख, 'विम्यात बसतंय'. मिरजेत मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून लांबलांबची माणसं मिरजेला उपचाराला येतात आणि हा मिरजेच्या माणसाला श्रीनगरात कापून घ्या म्हणत होता! ग्रुप पुढं पहलगामला गेला, आम्ही दोघं घरी आलो. राहिलेल्या दिवसांचे पैसे 'नॉन-रिफंडेबल'.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ह्यांना जिना बसून, एकेक पायरी मागं सरकत चढावा लागला. एका आत्याबाईंनी हाडवैद्याचं नाव सुचवलं, ते ऐकून सोडून दिलं. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधला लिगामेंट, पूर्ण तुटलेला आणि शेजारचा मेनिस्कस, म्हणजे हाडांमधली कुर्चेची गादीही फाटलेली निघाली.

मग बिलं पाठवली. काही दिवसांनी निरोप आला: 'क्लेम पास. टीडीएस आणि प्रोसेसिंगचे ६,४०० भरा, लगेच रक्कम जमा होईल.' इथं मी थांबले. विमा कंपनी क्लेमचे पैसे देताना आधी पैसे मागत नाही, कधीच नाही. कार्डावरच्या नव्हे, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन केला. तिथल्या बाईंनी कार्डावरचा नंबर ऐकून सांगितलं, आमच्या पॉलिसीचे नंबर असे नसतातच. मग विचारलं, "यूआयएन काय लिहिलाय?" काहीच लिहिलेला नव्हता. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विमा योजनेला आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, दिलेला हा क्रमांक असतो आणि तो कागदावर छापलेला असतो.

मास्टर पॉलिसी ही गोष्ट खोटी नसते, हे ध्यानात घ्या. सहल कंपनी सगळ्या ग्रुपची एक पॉलिसी काढू शकते. पण तेव्हा प्रत्येकाला विम्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. त्यात तुमचं नाव, तारखा, काय मिळेल, काय वगळलंय हे सगळं असतं. आणि अपघाती मृत्यूचे पैसे द्यायचे म्हटल्यावर वारसदाराचं नाव लागतंच. आमच्या पतसंस्थेत पाचशे रुपयांचं खातं उघडायचं तरी वारसदार लिहून घेतो. ह्या पाच लाखांच्या विम्याला आमच्या अख्ख्या ग्रुपमधल्या एकालाही वारसदार विचारला गेला नव्हता. जन्मतारीखसुद्धा नाही. तुमच्या सहलवाल्याकडे बाकी काही नाही तरी एवढं बघा.

फसवणुकीचा दुसरा डाव मला पहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटतो. आम्ही आवाज चढवल्यावर सहलवाल्यानं एक 'क्लेम बसवून देणारा' माणूस घरी धाडला. त्यानं आमची घरची आरोग्य पॉलिसी मागून घेतली, वरवर चाळली आणि म्हणाला, "स्कीइंग म्हंजे अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट. ह्यात बसत न्हाई. बाथरूममध्ये घसरले असं लिवायचं. मी बसवतो, वीस टक्के माझे." श्रीनगरच्या कागदांवर स्कीइंगचं स्पष्ट लिहिलेलं, आणि आम्ही अर्जावर बाथरूम लिहायचं! तसा क्लेम पकडला गेला की तो नाकारला जातोच, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते.

तो गेल्यावर आम्ही पॉलिसी काढून शब्द न् शब्द वाचला. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत साहसी खेळांचं कलम असतं, कोड ०९. आरोग्य विम्यात ह्या कलमाची भाषा आयआरडीएआयनंच ठरवून दिलेली आहे. त्यात वगळलेत ते व्यावसायिक म्हणून असे खेळ खेळणारे. हप्त्याहप्त्यानं पैसे भरून सहलीला गेलेला सांगलीचा माणूस कुठल्या अंगानं व्यावसायिक? आम्ही अर्जावर खरं तेच लिहिलं, 'सहलीत स्कीइंग शिकताना पडणे', आणि मिरजेच्या दवाखान्यात आमच्या साध्या आरोग्य पॉलिसीवर कॅशलेस मंजूर झालं. म्हणजे ज्या कागदाला त्या माणसानं रद्दी ठरवलं तोच उपयोगी पडला. मात्र अपघात विमा आणि प्रवास विमा यांची भाषा वेगळी असते. तिथं कधी कधी हौशी माणसालाही साहसी खेळ वगळलेले असतात, किंवा जास्तीचा हप्ता भरून ते घालून घ्यावे लागतात. निघण्याआधी आपापला कागद वाचा.

ऑपरेशन झालं, मांडीमागचा स्नायुबंध काढून नवा लिगामेंट बसवला. त्यापुढचे कित्येक महिने फिजिओथेरपीत गेले. सकाळ-संध्याकाळ पाय उचलायचा, मांडीचा स्नायू आवळून धरायचा. त्याचं फार काही लिहीत नाही, कंटाळवाणंच असतं ते.

तक्रारीचं सांगते, कारण त्यात लोक चुकीच्या दारात जातात. पुण्यात विमा लोकपाल आहेत, पण त्यांच्याकडे खऱ्या विमा कंपनीविरुद्धची तक्रार चालते. पॉलिसीच नसेल तर तिथं काय मांडणार? आम्ही पोलिसांत लेखी अर्ज दिला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ग्राहक आयोगात वेगळी तक्रार केली. २०१९च्या कायद्यानं ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सुरुवातीला सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तो खराखुरा राष्ट्रीय आहे, उचलणारा वैनी म्हणत नाही.

नोटीस गेल्याबरोबर सहलवाल्यानं विम्याचे माणशी १,२०० परत करायला सुरुवात केली. सुमोचे आणि व्हीलचेअरचे नाहीत. पैसे देताना 'माझी कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागतो. ग्रुपमधल्या काहींनी ती करून दिली. ज्यांनी अजून केली नाही त्यांनी करू नका. पैसे खात्यावर मागवा आणि ते कार्ड मोबाइलमधून पुसू नका, साक्षीला लागणार आहे. आमची पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे.