'लुक अपॉन'च्या कसोटीवर तीन शब्दकोश आणि एक ॲप

इंग्रजी शब्दकोश कामाचा आहे की नुसताच जाडजूड, हे मी एका क्रियापदावरून ठरवते: 'लुक अपॉन', म्हणजे एखाद्याला अमुक एक मानणं. अवघड शब्दाचा अर्थ कुठलाही कोश देतो. पण हे दोन शब्द आपल्याला येतातच असं प्रत्येकाला वाटत असतं, आणि वाक्यात बसवायची वेळ आली की पंचाईत होते.

भाषांतरं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. 'वी लुक टुवर्ड्स हिम ॲज अ मेंटॉर' छापाची वाक्यं माझ्यासमोर इतक्यांदा येतात की 'टुवर्ड्स' दिसायच्या आधीच हात खोडायला सरसावतो. लिहिणाऱ्याला तरी किती बोल लावायचा? मराठीत आपण एखाद्या'कडे' गुरू म्हणून पाहतो, आणि तो 'कडे' मुकाट्याने इंग्रजीत 'अपॉन'च्या जागी 'टुवर्ड्स' होऊन बसतो. व्याकरणाच्या पुस्तकात याचं उत्तर सहसा सापडत नाही. ते कोशातच शोधावं लागतं.

सुरुवात एका मोबाइल ॲपपासून. नाव घेत नाही. त्याने उत्तर दिलं, 'वर पाहणे'. संपलं. ना उदाहरण, ना पुढे काय येतं याचा पत्ता. एखाद्याने एवढ्यावर विसंबून वाक्य वाचलं तर बिचारा छताकडे बघत बसेल. खाली जाहिरात मात्र ठळक होती.

आता शिकणाऱ्यांसाठी बनवलेले मोठे कोश. ऑनलाइन ते फुकट बघता येतात, आणि इथे फरक लगेच जाणवतो. ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' मुळात ए. एस. हॉर्नबी यांच्या कामातून आला. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. कोश १९४२ मध्ये आधी जपानमध्येच निघाला, ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. परभाषकाला अर्थ कळला तरी क्रियापदाच्या मागेपुढे काय जोडायचं ते कळत नाही, ही हॉर्नबींची खरी पकड. म्हणून या कोशात नोंदीच्या मथळ्यातच साचा दिसतो: अमक्याला 'लुक ऑन', मग 'ॲज', मग तमुक. 'अपॉन' हे त्याचंच दुसरं रूप. माझ्या मते निम्मं काम इथेच झालं.

कारण हे क्रियापद एकटं उभंच राहत नाही. 'आय लुक अपॉन हिम' एवढंच लिहिलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. 'ॲज' आलं की 'म्हणून' होतं: 'शी लुक्स अपॉन हर वर्क ॲज अ ड्यूटी', ती कामाला कर्तव्य मानते. 'विथ' आलं की मनातली भावना येते: 'द प्रपोझल वॉज लुक्ड अपॉन विथ सस्पिशन', प्रस्तावाकडे संशयाने पाहिलं गेलं. नाहीतर 'फेव्हरेबली' किंवा 'काइंडली'सारखं क्रियाविशेषण लागतं. दुसरं उदाहरण मुद्दाम कर्मणी दिलं, कारण लेखी इंग्रजीत ते त्या रूपात बरंच भेटतं, 'इज लुक्ड अपॉन ॲज'. आणि कर्म नेहमी 'अपॉन'नंतर. 'लुक हिम अपॉन' होत नाही.

'आय ॲम लुकिंग अपॉन यू ॲज माय ब्रदर' हे आपल्याकडचं आणखी एक लाडकं वाक्य. मानण्याच्या अर्थाने साधा काळच बरा. 'आय लुक अपॉन यू' म्हटल्याने प्रेम कमी होत नाही.

कोलिन्सचा 'कोबिल्ड' १९८७ मध्ये आला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला. त्याची खोड अशी की व्याख्या पूर्ण वाक्यात देतो, 'तुम्ही जर अमक्याकडे अशा प्रकारे पाहत असाल, तर…' या धाटणीची. सुरुवातीला हे मला बालिश वाटायचं. पण अशा क्रियापदांसाठी हीच पद्धत सरस, कारण व्याख्या वाचता वाचता वापरही कळतो. नव्याने लिहू लागलेल्यांना मी आधी हाच उघडायला सांगते. 'लाँगमन'चा कोश १९७८ चा, आणि त्याची ख्याती अशी की व्याख्या साधारण २,००० सोप्या शब्दांत बसवायच्या. एका अर्थासाठी आणखी तीन शब्द शोधत फिरावं लागत नाही. याहून जास्त त्याच्याबद्दल लिहायची गरज नाही, चांगला आहे.

कोशात आणखी एक गोष्ट बघावी: 'लुक ऑन'चे दोन अर्थ वेगळे केलेत का? एक मानण्याचा, दुसरा नुसतं बघत उभं राहण्याचा. 'ऑनलुकर' म्हणजे बघ्या, तो या दुसऱ्यातला. 'अपॉन' लिहिलं की हा घोळ टळतो, पण वाक्य जरा कडक इस्त्रीचं होतं. बोलताना लोक 'सी ॲज' किंवा 'थिंक ऑफ ॲज' म्हणतात. मित्राला पाठवायच्या निरोपात 'लुक अपॉन' दिसलं की मी 'थिंक ऑफ' करते, अहवालात असेल तर राहू देते. शेजारच्या नोंदीही चाळाव्यात. 'लुक डाउन अपॉन' म्हणजे तुच्छ लेखणं. एका 'डाउन'ने सगळा मान धुळीला मिळतो, आणि घाईत तो 'डाउन' घुसलेला मी पाहिला आहे, तोही सत्कारपत्रात.

'रिगार्ड'ला या अर्थाने 'ॲज' हवंच. 'कन्सिडर'ला नको: 'आय कन्सिडर हिम अ फ्रेंड' पुरे. आपल्या 'म्हणून'मुळे तिथेही 'ॲज' चिकटतं.

निकाल सांगायचा तर लिहिताना ऑक्सफर्ड, शिकताना कोबिल्ड, घाईत लाँगमन. 'टुवर्ड्स'पासून सावध करणारी तळटीप मात्र यांच्याकडून मागण्यात अर्थ नाही, ते जगभरच्या शिकणाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत. मराठीच्या 'कडे'ची दखल इंग्रजी-मराठी कोशांनी घ्यायला हवी. तसा एखादा निघाला तर मी पैसे मोजून घेईन. ॲप मी फोनमधून काढून टाकलं आहे.