पायडल मारायचं की लाँचमध्ये बसायचं? वेण्णा लेक आणि बामणोली

चौघे असाल तर वेण्णा लेक, दहाजण असाल तर बामणोली. साताऱ्यातून मित्रमंडळींनी एका दिवसाचा बोटिंगचा बेत करायचा तर आधी डोकी मोजा. पायडल बोट दोघांची नाहीतर चौघांची असते. बामणोलीत भाडं माणशी नाही, बोटीमागे ठरतं, त्यामुळे तिथे तिघे-चौघे गेले की टीटीएमएम करूनही खिसा हलका होतो.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपती अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. पाणी आटोपशीर, भोवती झाडी, काठ सतत नजरेत. स्वतः पायडल मारायची हौस असेल तर हीच जागा. मात्र दिवसभर पायडल मारू अशा भ्रमात राहू नका. अर्ध्या-पाऊण तासात मांड्या भरून येतात.

चौघांच्या बोटीत पायडल बहुधा पुढच्या दोघांकडेच असतात. मागचे दोघे फोटो काढणार. म्हणून पायात जोर असलेले पुढे बसवा, अंगाने हलके मागे. मागे वजन जास्त झालं की शेपटाकडची बाजू दबते, चाकाची पाती गरजेपेक्षा खोल बुडतात आणि चिखलातून सायकल हाकल्यासारखे पायडल जड जातात. डाव्या-उजव्या बाजूचं वजनही जुळवा, नाहीतर बोट एकीकडे ओढत राहते आणि सुकाणूचा दांडा धरणारा वैतागतो. फार उंच मित्राला पुढे बसवण्याआधी गुडघे कुठे अडकत नाहीत ना ते धक्क्यावरच बघून घ्या. जागा बदलायचं नाटक पाण्यात नको.

सुकाणूचा दांडा एकानेच धरायचा. बोट चालू असेल तरच त्याचा उपयोग. पायडल थांबवून दांडा कितीही फिरवला तरी तोंड वळत नाही. धक्क्याजवळ येताना नवखे नेमकं हेच करतात आणि समोरच्या बोटीवर धडकतात. ब्रेक नसतो. दोन-तीन बोटींइतकं अंतर उरलं की उलटे पायडल मारून वेग मोडायचा. चाकात पाणवनस्पती गुंडाळली तरी उलटेच पायडल मारून बघा. सुटलं नाही तर धक्क्यावरच्या माणसाला हाक मारा, चाकात हात घालू नका.

वाऱ्याचं गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तळ सपाट, बोट पाण्यात फार बुडालेली नसते, त्यात वर छप्पर, म्हणून वारा तिला सहज ढकलतो. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे पाय थकल्यावर परतीला वारा पाठीशी राहतो. उलटं केलंत तर निम्म्या वेळेच्या आधीच वळा. तिकिटाची वेळ परत धक्क्याला लागेपर्यंत मोजली जाते. लाईफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीला टेकत असेल तर पट्टे आवळा. सुट्या चपला पायडलवरून घसरतात, पट्ट्यांचे सँडल बरे. सोबत आई-काका असतील तर सरळ नावाड्याची वल्ह्याची बोट घ्या.

वेण्णाची खरी अडचण गर्दी. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात अर्ध्या तासाच्या बोटीसाठी त्याहून मोठी रांग लागते, शिवाय पसरणी घाटातला खोळंबा वेगळाच. मधल्या वारी, सकाळी लवकर पोहोचा. भजी आणि मक्याचं कणीस नंतर.

बामणोलीचा मामला वेगळा. साताऱ्याहून कासमार्गे घाटरस्ता, आणि समोर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, तेव्हा पाण्याचा पसारा ओळखून घ्या. इथे पायडलची हौस मनात धरून जाऊ नका, इथे इंजिनाची लाँचच हवी. इंजिन, सुकाणू सगळं चालकाकडे. तुम्ही डबे उघडा, गप्पा मारा. फक्त इंजिनाच्या आवाजात त्या ओरडून माराव्या लागतात. भाडं ठरवताना कुठे नेणार, तिथे किती वेळ थांबणार आणि जादा थांबलं तर किती, हे तिन्ही बोलून घ्या. भांडणं तिसऱ्यावरच होतात.

जलाशयापलीकडचा वासोटा किल्ला करायचा असेल तर वन खात्याची परवानगी बामणोलीतच काढावी लागते, आणि लाँचचा प्रवास नि चढाई मिळून अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात वासोटा बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जलाशय भरलेला असतो. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की गाळाच्या उतारावरून बोटीपर्यंत चालावं लागतं. सप्टेंबरात कासच्या फुलांची गर्दी रस्त्यावरच वेळ खाते.

दोन्ही हवंच असेल तर बामणोली सोडा. सकाळी वेण्णावर पायडल मारून दुपारी महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरा. जलाशय तोच, लाँचही मिळते. सांगली-मिरजेहून येणाऱ्यांनी मात्र हा बेत मुक्कामानेच करावा, कारण तापोळ्याचा घाट संध्याकाळी परत चढायचा आणि त्यानंतर साताऱ्याच्याही पुढे सव्वाशे किलोमीटर जायचं असतं.